अवघड खेळाचं दार

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. जन्मापासून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नीट वळत नाहीत. तो डाव्या हाताने लिहायला शिकला, सायकल शिकला, शाळेच्या मैदानावर फिरकी गोलंदाजीही शिकला. पण त्याचा खरा जीव व्हिडिओ गेममध्ये. मागच्या दिवाळीच्या सुटीत तो आमच्याकडे राहायला आला होता. रात्री पाणी प्यायला उठलो, तर हा संगणकासमोर नुसता बसलेला. पडद्यावर प्रश्न होता : सोपा, मध्यम की अवघड? मी म्हटलं, "अरे, निवड की काहीतरी आणि झोप लवकर." त्यावर तो म्हणाला, "मामू, सोपा घेतला तर जिंकलो असं म्हणता येईल का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. प्रश्न तसा माझ्याही धंद्यातला. कविता लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकावं लागतं, "जरा सोपं लिहा की राव!" मर्ढेकरांच्या काळापासून मराठीत दुर्बोधतेचा वाद चालू आहे आणि त्याचे शिंतोडे माझ्यासारख्या किरकोळ कवीवरही उडालेले आहेत. सोपं केलं तर कविता उरते का? आणि अवघड ठेवली तर वाचक उरतो का? भाच्याचा प्रश्न ऐकला आणि वाटलं, या खेळांच्या जगात हा हिशेब कसा मांडला गेला ते एकदा बघावं. मी काही या विषयातला जाणकार नव्हे. पण वाचत गेलो तसा एक मोठा गमतीचा इतिहास हाती लागला. तोच आज तुम्हाला सांगणार आहे.

सुरुवात अमेरिकेतली. १९७१ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी तयार केलेला 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचा, नाणं टाकून खेळायचा गेम बाजारात आला. यान वळवायचं, त्याला रेटा द्यायचा, गोळ्या झाडायच्या आणि हे सगळं कसं करायचं ते आधी वाचून समजून घ्यायचं. विद्यापीठाच्या आसपासच्या मुलांना तो आवडला. दिवसभर राबून गुत्त्यावर टेकलेल्या माणसाला मात्र त्याचा काही उलगडा होईना. पुढच्याच वर्षी या दोघांच्या 'अटारी' कंपनीत ॲलन अल्कॉर्न या तरुण इंजिनिअरने 'पाँग' बनवला. दोन फळ्या आणि एक चेंडू. चेंडू चुकू देऊ नका म्हणजे गुण वाढतील, एवढीच काय ती सूचना. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका गुत्त्यात पहिलं यंत्र ठेवलं. थोड्याच दिवसांत ते बिघडल्याचा निरोप आला. अल्कॉर्नने जाऊन उघडलं, तर नाण्यांचा डबा तुडुंब भरल्यामुळे नवं नाणं आत शिरत नव्हतं! हा खेळ एका हाताने मूठ फिरवून खेळता येई. दुसऱ्या हातात पेला धरायची सोय. माझ्या भाच्यालाही तो कुणाच्या मदतीशिवाय खेळता आला असता.

म्हणजे पहिला धडा सोपेपणाने दिला. पण धंदा नाण्यांवर चालत होता, आणि नाण्याला सोपेपणा फार काळ परवडत नाही. एकच माणूस एका नाण्यात तासभर खेळत राहिला तर मागच्या रांगेचं काय? म्हणून खेळ असा हवा की दोन-तीन मिनिटांत माणूस हरावा, पण हरताना त्याला वाटावं की थोडक्यात चुकलं, आणखी एक नाणं टाकू. १९७८ साली जपानमधल्या 'टायटो' कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला, त्यात हे गणित अगदी अपघाताने जमून गेलं. परग्रहावरून आलेल्यांच्या रांगा पडद्यावर हळूहळू खाली सरकतात आणि आपण त्यांना टिपायचं. त्या वेळच्या यंत्राची ताकद बेताची होती. इतकी चित्रं एकदम हलवताना ते रखडायचं. एकेक शत्रू मेला की यंत्राचं ओझं उतरायचं आणि उरलेले अधिकाधिक वेगाने अंगावर यायचे. निशिकादोंनी हा दोष पाहिला आणि तसाच ठेवला. शेवटी शेवटी खेळ कठीण होत जाण्याची जी रीत पुढे सगळ्यांनी उचलली, तिच्या मुळाशी यंत्राचा अशक्तपणाही होता.

आमच्या सोलापुरात ही यंत्रं १९८७च्या सुमारास एका थिएटरशेजारच्या गाळ्यात आली. मी तेव्हा अकरावीत. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. शनिवारी पगार झाला की हातावर एक रुपया पडायचा. तो घेऊन मी आणि दोघे मित्र तिथे पळायचो. एका रुपयात तीन जीव. मग एका महिन्यात काय झालं कोण जाणे, आमचा खेळ लवकर लवकर संपू लागला. आम्ही एकमेकांना दोष दिला. आपला हात बसेनासा झाला, असं वाटून मी तर हिरमुसलो. पुष्कळ दिवसांनी कळलं, की अशा यंत्राच्या पोटात बारीक स्विच असतात. एका नाण्यात किती जीव द्यायचे ते दुकानदार ठरवू शकतो. आमच्या गाळेवाल्याने तिनाचे दोन केले होते! ज्याला आम्ही आमची कुवत समजत होतो, तो दुसऱ्याच्या गल्ल्याचा हिशेब होता. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्या काळातही वेगळा विचार करणारे होते. 'नामको'च्या तोरू इवातानी यांनी पाहिलं, की ही सगळी दुकानं पुरुषांनी भरलेली आणि खेळ सगळे मारामारीचे. मुली, जोडपी तिथे फिरकतच नाहीत. त्यांनी विषय घेतला खाण्याचा. १९८० साली 'पॅक-मॅन' आला. पिवळा गोळा, रंगीत भुतं आणि खेळायला एकही बटण नाही, नुसती एक दांडी. पुढे पुढे हा खेळ काही सोपा राहत नाही, चांगलाच घाम काढतो. पण आत शिरायला कुणाला अडचण नाही. दार रुंद आणि आतला जिना उंच, असं त्याचं बांधकाम.

मग खेळ घरात आले. १९८३ साली 'निन्टेन्डो'ने जपानमध्ये टीव्हीला जोडायचं यंत्र काढलं आणि १९८५ पासून ते अमेरिकेत गेलं. आता नाण्याचा प्रश्न उरला नाही. एकदा कॅसेट विकत घेतली की कितीही खेळा. मग खेळ सोपे झाले का? नाही. आता अडचण जागेची होती. १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' सगळा मिळून चाळीस किलोबाइटमध्ये मावतो. आज मोबाइलवर येणारा सुप्रभातचा एक फोटोही त्यापेक्षा मोठा असतो. एवढ्याशा जागेत किती गाव वसवणार? सोपा ठेवला तर खेळ तासाभरात संपणार आणि महागडी कॅसेट घेऊन देणारा बाप चिडणार. तेव्हा खेळ लांबवायचा तर तो अवघड करायचा. शिवाय अमेरिकेत व्हिडिओ लायब्ररीतून गेमच्या कॅसेटी दोन-दोन दिवस भाड्याने मिळत. पोरांनी शनिवार-रविवारात खेळ संपवला तर ती विकत कशाला घेतील? १९९४च्या 'द लायन किंग'मधल्या टप्प्यांचा अवघडपणा याच भीतीपोटी वाढवला होता, असं तो करणाऱ्यांनीच नंतर सांगितलं.

एक किस्सा मला फार आवडतो. 'कोनामी' कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ होते. १९८६ साली 'ग्रेडियस' हा खेळ घरगुती यंत्रावर आणण्याचं काम त्यांच्याकडे होतं. खेळ शेवटपर्यंत तपासून पाहायचा, पण तो इतका अवघड, की खुद्द त्यांनाच पुढे जाता येईना! मग त्यांनी स्वतःसाठी एक चोरवाट केली. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, आणि शेवटी दोन बटणं. एवढं दाबलं की सगळी शस्त्रं हाती. ती वाट काढून टाकायची राहिली आणि खेळ तसाच बाजारात गेला. पुढे 'कॉन्ट्रा'मध्ये हीच किल्ली वापरली की तीस जीव मिळत. १९९०च्या दशकात आपल्याकडे स्वस्तातले टीव्ही गेम घरोघर आले, तेव्हा 'कॉन्ट्रा'ची ही किल्ली पोरांमध्ये मंत्रासारखी कानोकानी फिरत असे. ती कुठून आली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खेळ करणाऱ्यालाच स्वतःचा खेळ झेपेना म्हणून ती जन्माला आली होती. हाशिमोतो २०२० साली वारले, तेव्हा जगभरच्या लोकांनी तीच बटणं लिहून त्यांना निरोप दिला.

आता लाजेचं प्रकरण. अवघड-सोपं निवडायची सोय तोवर बऱ्याच खेळांत आली होती. १९९२ साली अमेरिकेतल्या 'इड सॉफ्टवेअर'चा 'वुल्फेन्स्टाइन' आला. त्यात सगळ्यात सोपी पातळी निवडायला गेलं, की नायकाच्या चेहऱ्यावर तान्ह्या बाळाची टोपी आणि तोंडात चोखणी दिसे. पुढच्या वर्षीच्या 'डूम'मध्येही पातळ्यांना अशीच टोमणेवजा नावं होती. गंमतच ती, तरुण मुलांनी तरुण मुलांशी केलेली. पण अशा गमती रुजतात. सोपा खेळ म्हणजे कच्चा लिंबू, हे या जगात इथून पुढे मुरत गेलं. माझा भाचा रात्री साडेअकराला त्या प्रश्नापुढे अडून बसला होता. तो जन्मायच्या कितीतरी आधी काढलेली ती बाळाची टोपी त्याला दिसत असावी, असं मला वाटतं.

त्याच सुमारास दुसरीही एक गोष्ट झाली होती आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९८९ साली निन्टेन्डोने हात न वापरता खेळायचं एक साधन काढलं. ते छातीवर बांधायचं, हनुवटीने दांडी हलवायची आणि नळीत फुंकर मारून किंवा ओढून बटणांचं काम करायचं. दुकानात ते मिळत नसे. कंपनीला कळवून मागवावं लागे. पण ज्यांचे हात चालत नव्हते अशी मुलं त्यावर मारिओ खेळली. खेळ तोच. खड्डेही तेवढेच रुंद. आत यायची वाट तेवढी वेगळी केलेली.

आता एकदम २००९ सालात येऊ. हे वर्ष मोठं नाट्यमय आहे. तोवर खेळ चित्रपटासारखे भव्य झाले होते. खर्च वाढला होता, त्यामुळे कुणी गिऱ्हाईक मध्येच सोडून जाऊ नये म्हणून कंपन्या बोट धरून चालवत होत्या. निन्टेन्डोने त्या वर्षीच्या नव्या मारिओत अशी सोय केली, की एकाच टप्प्यात आठ वेळा मेलात तर हिरवा चौकोन दिसतो. त्याला धडकलं की खेळ स्वतःच तो टप्पा खेळून दाखवतो. आणि त्याच वर्षी जपानमध्ये 'फ्रॉम सॉफ्टवेअर' कंपनीचा 'डेमन्स सोल्स' आला, नेमका उलट्या टोकाचा. पावलोपावली मरण. मेलात की कमावलेलं सगळं जिथे मेलात तिथे सांडतं. ते परत मिळवायला पुन्हा त्याच वाटेने जायचं आणि वाटेत पुन्हा मेलात तर ते कायमचं गेलं. पैसा घालणाऱ्या 'सोनी'ची पहिली प्रतिक्रिया इतकी थंड होती, की अमेरिकेत तो दुसऱ्याच कंपनीने काढला. पण एकाने दुसऱ्याला सांगून त्याचं नाव होत गेलं. मग २०११ साली 'डार्क सोल्स' आला आणि या पद्धतीच्या खेळांचं एक घराणंच तयार झालं.

हे घराणं काढणारा माणूस हिदेताका मियाझाकी. जन्म १९७४, म्हणजे माझ्याच पिढीचा. आधी साधी संगणकाची नोकरी. तिशीच्या उंबरठ्यावर ती सोडून, कमी पगारावर तो या धंद्यात आला. त्याने मुलाखतीत सांगितलेली एक आठवण मी वाचली आणि खुर्चीत ताठ होऊन बसलो. घरची गरिबी, पुस्तकं विकत घेणं अशक्य. हा मुलगा वाचनालयातून मोठ्यांची, परभाषेतलीसुद्धा पुस्तकं आणायचा. त्यातलं निम्मं समजायचं नाही. न समजलेल्या जागा तो चित्रांकडे पाहून, स्वतःच्या कल्पनेने भरून काढायचा. पुढे त्याने केलेल्या खेळांतही गोष्ट सरळ सांगितलेली नसते. तलवारीच्या मुठीवरचे दोन शब्द, पडक्या भिंतीवरचं चित्र. बाकीचं तुम्ही भरायचं.

मित्रहो, माझ्या घरात दखनी बोलत आणि शाळेत मराठी. तिसरी-चौथीत वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतले निम्मे शब्द मला लागत नसत. 'ओसरी' म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी मनात एक नदी धरली होती! अर्थ न लागलेल्या त्या जागांमध्येच मी पहिल्यांदा कवी झालो. कुणी दयाबुद्धीने ती पुस्तकं माझ्यासाठी सोपी करून दिली असती, तर माझं नुकसानच झालं असतं. म्हणून अवघडपणाचा सरसकट राग मला येत नाही. गझलेतून काफिया काढून टाकला तर ती सोपी होते खरी, पण मग ती गझल राहत नाही.

मात्र याच मियाझाकीची दुसरी आठवण पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. एकदा बर्फ पडत असताना चढावर त्याच्या पुढची गाडी अडकली. मागच्या गाडीने तिला ढकललं, तिला तिच्या मागच्याने, असं करत अनोळखी माणसांनी एकमेकांना चढ पार करून दिला. वर पोचल्यावर थांबून आभार मानायची सोय नव्हती. थांबला तो पुन्हा अडकणार. ती माणसं कोण होती, पुढे कुठे गेली, हे त्याला कधीच कळलं नाही. यातून त्याला आपल्या खेळातली मदतीची कल्पना सुचली. 'डेमन्स सोल्स'मध्ये इतर खेळाडू जमिनीवर निरोप लिहून ठेवतात, की पुढे सापळा आहे, सावध. हाक दिली तर कुणी अनोळखी तुमच्या बाजूने लढायला येतो आणि काम झालं की निघून जातो. म्हणजे ज्याच्या नावाने लोक "मदत घेणं कमीपणाचं" म्हणतात, त्या खेळाचा पायाच मदतीचा आहे. २०२२ साली आलेल्या 'एल्डन रिंग'मध्ये तर सुरुवातीलाच मोकळ्या माळावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार उभा असतो. नवखा माणूस त्याच्यापुढे टिकत नाही. शिकायचं ते हे, की आत्ता याच्या वाटेला जाऊ नये, दुसऱ्या दिशेने फिरून यावं. सोपा-अवघड असा तक्ता त्यात नाही, पण वाटा पुष्कळ आहेत. पहिल्या महिन्याच्या आतच त्याच्या १ कोटी २० लाख प्रती गेल्या.

इथे धंद्याची बाजू पुन्हा डोकं वर काढते. संगणकावरच्या खेळांचं सर्वांत मोठं दुकान म्हणजे 'स्टीम'. २०१७ पासून १०० डॉलर भरले की कुणालाही तिथे आपला खेळ ठेवता येतो. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त नवे खेळ आले. म्हणजे रोज जवळपास पन्नास! या गर्दीत आपलं तोंड दिसावं कसं? 'डार्क सोल्स'ची जाहिरातच 'मरायची तयारी ठेवा' अशा अर्थाची होती. अवघडपणा ही पाटी झाली. व्हिएतनामच्या डोंग न्गुयेन या तरुणाचा 'फ्लॅपी बर्ड' हा मोबाइलवरचा इवलासा खेळ २०१४च्या सुरुवातीला जगभर पसरला, तो केवळ चिडचिड होण्याइतका अवघड म्हणून. त्या गाजावाजाला कंटाळून त्याने फेब्रुवारीत तो स्वतःच काढून घेतला. कॅनडातल्या मोल्डनहॉअर बंधूंनी 'कपहेड'साठी घरं गहाण टाकली आणि १९३०च्या दशकातल्या कार्टूनसारखं एकेक चित्र हाताने काढलं. २०१७ साली तो आला, तेव्हा चित्रांइतकीच त्याच्या अवघडपणाची चर्चा झाली. त्यातही सोपी पातळी आहे, पण तिने खेळलात तर शेवटच्या सामन्याचं दार उघडत नाही. आपल्या पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने केलेला 'राजी' २०२० साली आला. त्याची ओळख अवघडपणाने झाली नाही. आपल्या पुराणकथा, राजस्थानी वाडे आणि बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट यांनी झाली. उठून दिसायचे मार्ग अनेक असतात. अवघडपणाची पाटी त्यातल्या त्यात स्वस्त पडते.

पाटी झाली की तिचे राखणदारही येतात. २०१९ साली मियाझाकीचाच 'सेकिरो' आला. एका पत्रकाराने लिहिलं, की संगणकावर खेळाचा वेग मंदावून आपण शेवटचा सामना जिंकला आणि आपल्याला त्याची खंत नाही. झालं! जणू परीक्षेत कॉपी केल्यासारखे लोक त्याच्यावर तुटून पडले. दुसरीकडून प्रश्न आला, की ज्यांचे हात, डोळे, कान वेगळे चालतात त्यांनी काय करायचं? या गदारोळात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होत होती. अपंग खेळाडूंपैकी अनेकांचं म्हणणं होतं, "आम्हाला सोपा खेळ नकोच आहे. बटणांच्या जागा बदलू द्या. भराभर दाबायच्या ऐवजी दाबून धरू द्या. लाल-हिरव्याच्या जोडीला एखादी खूण द्या. मग आम्हालाही तुमच्याइतकंच मरू द्या!" डोंगर चढायला अवघड असणं वेगळं आणि डोंगराच्या पायथ्याशी कुंपण असणं वेगळं.

ही कुंपणं काढण्याचं काम गेल्या काही वर्षांत खरोखर झालं आहे. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने एक नवं साधन काढलं. दोन मोठी गोल बटणं आणि मागे एकोणीस खाचा. पायाचं बटण, कोपराचं बटण, तोंडाने ओढायची नळी, ज्याला जे जमेल ते त्यात जोडावं. त्याचं खोकंसुद्धा अधू हातांनी उघडेल असं केलेलं. २०२० सालच्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात साठाहून जास्त सोयी होत्या. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवली जात आणि वाट कुठे, वस्तू कुठे हे आवाजावरून कळे. दृष्टिहीन माणसांनी तो खेळ शेवटपर्यंत खेळला. त्याच्या सल्लागारांत ब्रँडन कोल हे स्वतः दृष्टिहीन असलेले गृहस्थ होते. पुढे २०२३च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्ये त्यांच्याच मदतीने नुसत्या आवाजावर मोटार शर्यतीत चालवायची सोय झाली. २०२४ साली ते गेले.

आणि या सोयी फक्त थोड्यांच्या उपयोगाच्या असतात असंही नाही. 'असॅसिन्स क्रीड' मालिकेच्या २०१७च्या खेळात संवादांची अक्षरं मुळात बंद होती. साठ टक्के खेळाडूंनी शोधून ती चालू केली. पुढच्या वर्षीच्या खेळात ती मुळातच चालू ठेवली, तर पंचाण्णव टक्क्यांनी ती बंद केली नाहीत. ऐकू न येणाऱ्यांसाठी म्हणून केलेली सोय शेजारच्या खोलीत बाळ झोपलेल्या बापालाही हवी असते.

या साऱ्या इतिहासात मला सगळ्यांत जवळचा वाटला तो २०१८चा 'सेलेस्ट'. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी काही सोबत्यांसह केलेला. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते आहे. ती मनाने खचलेली आहे, घाबरते आहे. खेळ भयंकर अवघड आहे, माणूस हजारो वेळा मरतो. पण खेळ सुरुवातीलाच समजावतो, की आपल्या मरणांच्या आकड्याची लाज बाळगू नका, तेवढं तुम्ही शिकलात. त्यात मदतीची एक यादी आहे. वेग शंभरावरून पन्नास टक्क्यांपर्यंत हवा तितका उतरवा, दम संपू देऊ नका, वाटलं तर मरूच नका. पहिल्यांदा त्या यादीवर, हा खेळ मुळात अवघड म्हणूनच केला आहे अशा आशयाची थोडी नाखुशीची ओळ होती. अपंग खेळाडूंची बाजू ऐकल्यावर २०१९ साली करणाऱ्यांनी ती बदलली. आणखी एक गुपित आहे. मॅडलिन कड्यावरून सुटल्यावरही क्षणाचा बारीकसा अंश उडी मारता येते. आपल्याला वाटतं आपण अगदी वेळेवर उडी मारली. खरं तर उशीर झालेला असतो, खेळाने तो पोटात घातलेला असतो. म्हणजे मदतीची यादी न उघडणारा पट्टीचा खेळाडूसुद्धा मदत घेतच असतो. त्याला ते माहीत नसतं एवढंच.

हा वाद मिटलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' हा वर्षानुवर्षं वाट पाहिलेला खेळ आला, तेव्हा लोकांच्या गर्दीने दुकानांची संकेतस्थळं कोलमडली. आणि लगेच भांडण सुरू झालं, फार अवघड आहे, नाही, असाच हवा. करणाऱ्यांनी सुरुवातीचे एक-दोन सामने थोडे सौम्य केले. त्यावरही काही लोक रुसले.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. हा इतिहास वाचून मला एक गोष्ट कळली, की मूळचा, शुद्ध, पवित्र असा अवघडपणा कुठे नसतोच. कधी तो यंत्राच्या अशक्तपणाने येतो, कधी कॅसेटच्या अपुऱ्या जागेने, कधी भाड्याच्या भीतीने, तर कधी आमच्या गाळेवाल्याने फिरवलेल्या स्विचने. माणसाने ठरवलेली गोष्ट ती, माणसाला बदलता येते. पण कधी कधी मियाझाकीसारखा कुणी विचारपूर्वक, काही सांगायचं असतं म्हणून अवघड करतो. तो अवघडपणा जपावा. चढ तसाच राहू द्यावा, आणि प्रत्येकाला आपापल्या पायांनी, काठीने, कुणाच्या खांद्याच्या आधाराने त्या चढाला लागता येईल एवढं बघावं. मी स्वतःच्या कवितेपुरता हा निश्चय केला आहे. ओळ सोपी करणार नाही. पण वाचक दाराशी आला, तर "तुम्हाला कळायची नाही" असं म्हणून त्याला परत पाठवणार नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत भाचा पुन्हा आला, तेव्हा 'सेलेस्ट' खेळत होता. वेग सत्तर टक्क्यांवर ठेवला होता. बाकी काही मदत घेतली नव्हती. एका रात्री त्याने मला उठवून शिखर दाखवलं. दोन हजार आठशे काहीतरी वेळा मेला होता. मी विचारलं, "मग, जिंकलास का?" तो म्हणाला, "मामू, विचारायचं राहूनच गेलं."

मग त्याने कंट्रोलर माझ्या हातात दिला. पहिल्याच खड्ड्यात मी अकरा वेळा पडलो. त्याने काही न बोलता यादी उघडली आणि वेग कमी करायला लागला. मी म्हटलं, "थांब जरा. अजून दहा वेळा पडू दे. मग कर."